यज्ञेश्वरशास्त्र्यांचं वाक्य

महिपतराव कारभाऱ्याच्या मनात नेमकं आहे तरी काय, हा प्रश्न त्या वर्षी पुण्यात ओसरीओसरीवर चघळला जात होता. त्याचं उत्तर आपल्याइतकं स्वच्छ कोणालाच उमगलेलं नाही, याबद्दल यज्ञेश्वरशास्त्र्यांना मात्र तिळमात्र शंका नव्हती.

श्रीमंत वयाने लहान, त्यातून बहुतेक काळ स्वारीवर. मागे शहर महिपतरावाच्या मुठीत. कोण म्हणे, तो मोठा धर्मनिष्ठ. दुष्काळाची चाहूल लागताच त्याने ब्राह्मण अनुष्ठानाला बसवले होते. कोण म्हणे, तो गरिबांचा वाली. धान्यात खडे घालणाऱ्या सावकाराला त्याने भर बाजारात फटके मारवले होते. आणि ज्यांचे भाऊ, जावई एखादा वावगा शब्द बोलल्याबद्दल किल्ल्यावर पोचले होते ते काहीच म्हणत नसत.

यज्ञेश्वरशास्त्री न्यायशास्त्राचे पंडित. शनिवार पेठेत स्वतःची पाठशाळा होती, वादसभेत त्यांच्यासमोर सहसा कोणी टिकत नसे. त्यांचा बालमित्र गोपाळकृष्ण नागझरीकाठच्या मारुतीच्या देवळात दुपारी पुराण सांगे. दोघे एकाच गुरूकडे शिकलेले. गोपाळकृष्णाला तेव्हाही सूत्रं पाठ होत नसत आणि यज्ञेश्वरच ती त्याच्याकडून घोकून घेई. पण गुरुपत्नी लाडू वळायला बसली की पहिला लाडू गोपाळकृष्णाच्या हातावर पडे. का, ते यज्ञेश्वरशास्त्र्यांना पन्नाशी आली तरी कळलेलं नव्हतं.

पुराण संपलं की दोघे नदीच्या घाटावर येऊन बसत आणि महिपतरावावरून जुंपे.

"बड्या वाड्यांचं कात्रजचं पाणी तोडून त्याने भवानी पेठेच्या हौदात सोडलं," गोपाळकृष्ण त्या दिवशी म्हणाला. "पोटात माया असल्याशिवाय माणूस असं करेल का?"

"तू हौद पाहिलास?"

"नाही बुवा."

"मी पाहून आलो." यज्ञेश्वरशास्त्र्यांनी उपरणं सावरलं. "हौदात पाणी येतं त्या तोंडावर त्याने लोखंडी झडप बसवली आहे, आणि झडपेला कुलूप. पूर्वी यायचं तेवढं पाणी आपलं आपण वाहायचं. आता सकाळी त्याचा जमादार किल्ली घेऊन येईपर्यंत बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. तो आला की सगळ्यांनी कारभाऱ्यांच्या नावाचा जयजयकार करायचा, मग झडप उघडायची. बिबवेवाडीची एक बायडाबाई म्हणून भाजीवाली आहे, तिला मी विचारलं, हे तुला रुचतं का? तर म्हणाली, 'जय म्हनलं की पानी येतंय, म्हनायला काय जातंय?'"

"मग झालं की!"

"काय झालं? गोपाळा, त्या माणसाला धर्माचं प्रेम नाही, रयतेचं नाही आणि श्रीमंतांच्या गादीचंही नाही. आपल्यावाचून या शहरात पाण्याचा थेंबसुद्धा हलू नये, एवढीच त्याची निष्ठा."

गोपाळकृष्ण मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! काय बोललास!" आणि लगेच मान हलवून, "पण कोणाचं मन कोणाला दिसलंय? लोकांना पाणी मिळालं. माणसाने कृती बघावी."

"कृती काय, कोणीही करतो. हेतू मलिन असेल तर कृतीही मलिनच."

घरी परतताना यज्ञेश्वरशास्त्री स्वतःवर खूश होते. ते वाक्य त्यांनी वाटेत दोनदा पुटपुटून पाहिलं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात हिरण्यकशिपूचं आख्यान लागलं. यज्ञेश्वरशास्त्री नेहमीप्रमाणे मागच्या खांबाला टेकून बसले. गोपाळकृष्ण रंगात आला होता. हिरण्यकशिपूचं तप किती खरं, त्याचं राज्य किती सुबक, हे त्याने असं रंगवलं की बायका त्या दैत्यासाठी हळहळल्या. आणि मग आवाज अगदी खाली आणून तो म्हणाला, "पण त्याला धर्माचं प्रेम नव्हतं हो, प्रजेचंही नव्हतं. आपल्यावाचून या नगरीत पाण्याचा थेंबसुद्धा हलू नये, एवढीच त्याची निष्ठा!"

सभामंडपात कोणीतरी "अहाहा" म्हणालं आणि एक म्हातारा रडू लागला. पाण्याचा थेंब कोणता आणि नगरी कोणती, हे न कळणारा तिथे एकही माणूस नव्हता.

हेच वाक्य यज्ञेश्वरशास्त्र्यांनी पाठशाळेत शिष्यांना ऐकवलं होतं, तेव्हा शिष्यांनी माना डोलवून पुढचा पाठ काढला होता. सासऱ्यांना ऐकवलं होतं, त्यांना झोप लागली होती.

घरी आले तर मुक्ताबाई, त्यांची पत्नी, दारातच उभी. "अहो, ऐकलंत का? बुवा आज काय बोलले म्हणे!"

"ते मी बोललो."

"तुम्ही? कधी?"

"गेल्या आठवड्यात जेवताना तुलाच सांगितलं होतं."

मुक्ताबाईने आठवून पाहिलं. "तुम्ही ताक मागितलंत, तेवढं आठवतंय."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मंडईत होतं, तिसऱ्या दिवशी तालमीत. न्हाव्यापासून कारकुनापर्यंत जो तो "बुवा म्हणतात तसं" असं म्हणून ते सांगत होता. त्याच संध्याकाळी महिपतरावाचे शिपाई आले आणि गोपाळकृष्णाला देवळातून उचलून कचेरीमागच्या कोठडीत घेऊन गेले.

बातमी ऐकली तेव्हा यज्ञेश्वरशास्त्री संध्येला बसले होते. आधी भीती वाटली, मित्राची खरीखुरी काळजीही वाटली. ती रात्रभर टिकली. सकाळी ते गोपाळकृष्णाच्या घरी गेले तर आळी माणसांनी भरलेली. बायका त्याच्या बायकोची ओटी भरत होत्या. कोणी दाराला तोरण बांधलं होतं. भवानी पेठेतून आलेला गेनबा नावाचा एक हमाल उंबऱ्यावर डोकं टेकवून म्हणत होता, "असा मानूस हाय म्हनून धरती हाय."

"बाजूला व्हा शास्त्रीबुवा," कोणीतरी म्हणालं, "माउलींना बाहेर येऊ द्या."

गोपाळकृष्णाची बायको माउली झाली होती! यज्ञेश्वरशास्त्री बाजूला झाले. काळजी कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी ते जुनं, लाडवाच्या वेळचं दुखणं येऊन बसलं. हौद कोणी पाहिला? उन्हात कोण उभं राहिलं? विचार कोणी केला? आणि कोठडी कोणाला मिळाली?

पाठशाळेत आले तर त्यांचा सर्वांत हुशार शिष्य शरच्चंद्र इतरांना समजावत होता, "बुवांच्या वाक्यात 'निष्ठा' हा शब्द बघा. 'इच्छा' म्हटलं असतं तर सगळं फसलं असतं."

"तो शब्द माझा आहे!" यज्ञेश्वरशास्त्री ओरडले.

शिष्यांनी खाली माना घातल्या. गुरुजींना मित्राच्या दुःखाने भ्रम झाला, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. डोळे मिटले की गोपाळकृष्ण कोठडीत बसलेला दिसे, आणि त्याची दया येण्याऐवजी तो ऐटीत बसलेला वाटे. शेवटी एका सकाळी त्यांनी स्नान केलं, ठेवणीतला अंगरखा घातला आणि मुक्ताबाईला सांगितलं, "कचेरीत जातो. ते वाक्य माझं आहे असं सांगून येतो."

मुक्ताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून नमस्कार केला. लग्नानंतर सणावाराखेरीज तिने असा नमस्कार कधी केला नव्हता. यज्ञेश्वरशास्त्र्यांना तो फार आवडला.

महिपतराव गादीवर बसून सुपारी कातरत होता. बुटका, साधा माणूस. अंगावर दागिना म्हणून नाही. समोर कारकुनांची रांग, पण खोलीत चकार शब्द नव्हता.

"काय काम काढलंत?"

"गोपाळकृष्ण पुराणिकांना ज्या वाक्यासाठी धरलंत, ते वाक्य त्यांचं नाही. माझं आहे." यज्ञेश्वरशास्त्र्यांचा आवाज आधी कापला, मग कापायचा थांबला. वाद सुरू झाला की त्यांचं नेहमी तसंच होई. "आपल्याला धर्म नको, रयत नको. आपल्यावाचून थेंब हलू नये, हे आपलं खरं मत. हौदावरच्या कुलपावरून मी ते अनुमान काढलं. सिद्ध करून दाखवू शकतो."

कारकुनांनी लेखण्या खाली ठेवल्या. महिपतरावाने सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बुवा तर म्हणतात वाक्य त्यांचंच. रोज विचारतो आम्ही, हे कोणी शिकवलं? रोज एकच उत्तर. तुमचं नाव एकदाही आलं नाही त्यांच्या तोंडून."

"एकदाही नाही?" यज्ञेश्वरशास्त्री पुढे सरकले. "स्वतःचंच म्हणतो?"

महिपतरावाचा अडकित्ता थांबला. त्याने शास्त्रीबुवांकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं.

"शास्त्रीबुवा, तुम्ही मित्राला सोडवायला आलात, की वाक्याला?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. पण ते खोटं होतं आणि समोरच्या माणसाला खोटं तेवढं चटकन ओळखू येत होतं. गोपाळकृष्ण आपल्याला वाचवण्यासाठी नाव गिळतोय, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. उशिरा आलं, आणि महिपतरावाने ते उशिरा येताना पाहिलंही.

"धर्म, रयत, गादी," महिपतराव शांतपणे म्हणाला, "तुम्ही पंडित लोक माझ्या पोटात काय आहे ते शोधत बसा. मला समोरच्याच्या पोटात काय आहे ते दिसतं, एवढ्यावर माझं भागतं." मग तो कारकुनाकडे वळला. "पुराणिकांना सोडा. कोठडीत पुराण सांगतात आणि आमचे पहारेकरी रडत बसतात. आणि या शास्त्रीबुवांना चांगलासा शेला आणा. पालखीतून घरी पोचवा. भर बाजारातून."

शेला का, ते यज्ञेश्वरशास्त्र्यांना बुधवार पेठ येईपर्यंत कळलं नाही. पालखीपुढे भालदार ओरडत होता आणि दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्या खांद्यावरच्या रेशमाकडे बघत होती. एक तांबट दुकानातून म्हणाला, "हं. म्हणजे बुवांना धरून दिलं ते या गृहस्थांनी." त्याने आवाज खाली आणण्याची तसदीही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पाठशाळेत शरच्चंद्र आला नाही. मग इतरही येईनासे झाले. मुक्ताबाई पाणवठ्यावर गेली की बायका कळशा उचलून निघून जात. एकदाच घरी येऊन ती म्हणाली, "अहो, मला माहीत आहे तुम्ही कशासाठी गेला होतात ते." यज्ञेश्वरशास्त्र्यांनी तोंड फिरवलं, कारण तिला जे माहीत होतं ते खरं नव्हतं.

गोपाळकृष्ण सुटला तेव्हा अंगात ताप होता. उठून बसण्याइतकी ताकद आली त्या दुपारी तो व्यासपीठावर चढला. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. यज्ञेश्वरशास्त्री जाणार नव्हते. मुक्ताबाईने त्यांना जवळजवळ ओढत नेलं. ते खांबाशी बसताच आजूबाजूची माणसं सरकून बसली.

गोपाळकृष्णाने पोथी उघडलीच नाही.

"ज्या वाक्यापायी तुम्ही मला डोक्यावर घेतलंत, ते माझं नव्हे," तो म्हणाला. "ते यज्ञेश्वरशास्त्र्यांचं. मी नुसतं उचललं. कचेरीत मी त्यांचं नाव लपवलं, तर हा भला माणूस, पहारेकऱ्यांनीच मला सांगितलं, स्वतःच्या पायांनी तिथे गेला आणि माझ्यासाठी आपली मान पुढे करून उभा राहिला. कारभाऱ्याने त्यांच्या खांद्यावर शेला घातला तो तुम्ही त्यांच्यावर थुंकावं म्हणून. आणि तुम्ही थुंकलात. त्याला हवं ते तुम्ही केलंत, त्याला न विचारता."

सगळा मंडप मागे वळला. कोणी यज्ञेश्वरशास्त्र्यांच्या पाया पडलं, कोणी हात धरला, शरच्चंद्र रडत रडत समोर आला. गर्दीला दुपारभर दुसरा विषय नव्हता. यज्ञेश्वरशास्त्र्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी देवळातून बाहेर पडताना त्यांच्या कानांवर दोन म्हाताऱ्या बायकांचं बोलणं पडलंच. "काय मन आहे हो बुवांचं! आपलं श्रेय असं दुसऱ्याच्या ओटीत घालायचं म्हणजे." आणि ते जुनं दुखणं पुन्हा एकदा कुरकुरलं.

घाटावर दोघे बसले. नदीला पाणी थोडंच होतं. पलीकडे धोबी वाळलेली धोतरं गोळा करत होता.

"महिपतरावाने मला सोडलं का असेल रे?" गोपाळकृष्णाने विचारलं. "भ्यायला असेल का लोकांना? की खरंच कुठे तरी माया असेल त्याच्यात?"

एरवी यज्ञेश्वरशास्त्र्यांकडे याचं उत्तर तयार असे. या वेळी नव्हतं. "मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"तुला?" गोपाळकृष्ण हसला, खोकला, आणि गंभीर झाला. "बरं, एक सांग. तू कचेरीत का आलास? मी तर तुझं नाव घेणार नव्हतो. तुला घरी बसता आलं असतं."

यज्ञेश्वरशास्त्र्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. मित्राशी खोटं बोलायचं नव्हतं.

"माझ्या जागी तू बसलेलास," ते म्हणाले, "ते मला सहन होईना."

गोपाळकृष्णाचे डोळे भरून आले. त्याने यज्ञेश्वरशास्त्र्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गोपाळकृष्णाचं अंग तापाने अजून कढत होतं. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी हात सोडवून घेतला नाही. अंधारू लागलं, धोबी गेला, तेव्हा त्यांनी मित्राला धरून उठवलं आणि पायऱ्या निसरड्या होत्या म्हणून एक हात त्याच्या पाठीमागे ठेवून त्याला हळूहळू वर नेलं.