गोड्या पाण्याने धुतलेला कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे नवा घेण्यापेक्षा दसपट डोकेदुखी. माझी बायको मिनल म्हणते, "लोक भंगार घराबाहेर काढतात, तू शोधून घरात आणतोस." म्हणू दे. ऑफिसात मी छंद म्हणून सांगून टाकलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. मला माझ्या थोरल्या भावाला, नाथादादाला, त्या कॉम्प्युटरसमोर बसवायचं होतं.

वडील गेले तेव्हा दादा आठवीत होता. त्याने शाळा सोडली आणि मासेमारीच्या बोटीवर गेला. दोन हजार साली भाईंदर गावातल्या आमच्या घरी माझ्यासाठी कॉम्प्युटर आला तो त्याच्याच कमाईतून, आणि मॉनिटर खांद्यावर घेऊन आला तोही तोच. एका दुपारी माझे दोन मित्र आले होते. मी स्क्रीनवर पत्त्यांचा डाव लावत होतो. दादा बंदरावरून आला, मागे उभा राहून जरा वेळ बघत राहिला आणि माऊसकडे हात नेत म्हणाला, "भूप्या, ती बदामाची नव्वी दश्शीवर टाक ना."

"हात नको लावू!" मी खेकसलो. "मच्छीचा वास लागेल."

मित्र हसले. दादाही हसला. त्यानंतर तो कॉम्प्युटरच्या खोलीत कधी आला नाही. मी शिकलो, मिरा रोडला फ्लॅट घेतला, वीसेक वर्षं सहज गेली. ते वाक्य मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखं राहिलं. माफी मागायची तर आमच्या घरात तशी पद्धत नाही. आमच्याकडे फार तर कोणी कोणाला जेवायला बोलावतं.

म्हणून एका रविवारी मी त्याला मिरा रोडमधल्याच हाटकेश भागात बोलावलं. "मॉनिटर जड असतो दादा, उचलायला ये." तिथल्या एका गाळ्यात जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग पडलेला असतो. माझं जपून ठेवलेलं साउंड कार्ड त्या काळचं, त्यामुळे ते बसेल अशी लांब काळी खाच असलेला मदरबोर्डच हवा होता. असे दोनच निघाले. एकाचे कॅपॅसिटर फुगलेले, म्हणजे तो कामातून गेलेला. दुसरा कुठल्याशा समुद्राकाठच्या घरातून आलेला, सॉकेटांवर पांढरट हिरवी पूड. नाइलाजाने दुसरा घेतला.

मॉनिटर मला सतरा इंची, सपाट काचेचा हवा होता. गाळेवाला एकेक चालू करून दाखवत होता. दादा हात पाठीमागे बांधून उभा होता. मी किंमत, काच, पिकलेला रंग यांवर किरकिर करत असताना गाळेवाल्याने कोपऱ्यातलं फुगीर काचेचं चौदा इंची डबडं चालू केलं. टण्ण! चित्र थरथरलं आणि स्थिर झालं.

"ह्योच," दादा म्हणाला. "आपला असाच व्हता."

"तुला काय माहीत? तू तर कधी बसलाच नाहीस."

"ओटीवर जाळं विणत बसायचो ना. तू चालू केलास का असाच वाजायचा. मंग कळायचं, भूप्या अभ्यासाला बसला."

मी गाळेवाल्याला तोच बांधायला सांगितला. सतरा इंचीचा नाद सोडला.

घरी येऊन जमिनीवर कागद पसरला आणि बोर्ड ठेवला. दादा वाकून बघू लागला. "खार बसलाय याच्यावर. गोड्या पाण्यानं धुवायला पायजे. इंजिन दर्यात पडलं का आमी पयलं तेच करतो." आणि त्याने बोर्डाकडे हात नेला.

"हात नको लावू!"

तेच शब्द, तोच आवाज. दादाचा हात गपकन मागे गेला आणि पाठीमागच्या दुसऱ्या हातात जाऊन बसला. गाळ्यात तो तसा का उभा होता ते मला आत्ता कळलं. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

एकच बोर्ड, दुसरा मिळायची शक्यता नाही. मी तो उचलून त्याच्यापुढे धरला. "घे दादा. तू धू."

"बिघाडला तर?"

"बिघडू दे."

बॅटरी काढून दिली. त्याने पिण्याच्या पाण्याचा हंडा घेतला, जुना मऊ टूथब्रश घेतला आणि अर्धा तास सॉकेट न् सॉकेट घासत बसला. मी जीव मुठीत धरून बघत होतो. मग बोर्ड झटकून पंख्याखाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी मी जोडायला निघालो तर फोनवर ओरडला, "घाई करायची न्हाय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादा आल्यावर सगळं जोडलं. बटण दाबलं. टण्ण! काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटली आणि दादा माझ्याआधी ओरडला, "चालला!"

मी पत्त्यांचा डाव उघडला आणि खुर्चीवरून उठलो. "बस दादा."

तो बसला नाही. आत बाथरूममध्ये गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आला तो शर्टाला हात पुसत. आधी स्वतः हुंगले, मग पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे माझ्या नाकापुढे धरले.

"बघ रं, वास येतो का?"

साबणाचा वास होता, आणि त्याखाली बोंबलाचा.

"येतो," मी म्हणालो आणि त्याचा हात धरून माऊसवर ठेवला. "बस."