पिंजऱ्यांखालचा काळा चिखल

मित्रांनो, मी एक जुनी वल्ह्यांची होडी. नॉर्वेतल्या एका अरुंद खाडीत सिग्रूनच्या वडिलांनी पाइनच्या फळ्या वाकवून मला घडवले, डांबर पाजले आणि पाण्यात सोडले. त्यांच्यामागे मी सिग्रूनकडे आले. तीस वर्षे आम्ही दोघींनी कोळंबीचे सापळे ओढले. "ही होडी डोळे मिटूनही घरी येईल," असे लोक म्हणत, आणि मला फार बरे वाटे.

मग खाडीत एका कंपनीचे सॅमन माशांचे पिंजरे आले. पाण्यातच टांगलेली गोल जाळी, एकेका जाळ्यात लाखभर मासे. सिग्रूनचा धाकटा भाऊ हालवार तिथे कामाला लागला. सगळे खूश होते. पण माझा तळ सतत पाण्यात असतो. माशांची घाण आणि उरलेले खाद्य खाली खाली जाताना मला जाणवे, आणि भीती वाटे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी सिग्रूनने सापळा वर ओढला. आतली कोळंबी मेलेली होती. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. नांगर उचलला, तर त्याला काळा चिखल, त्यावर पांढरी साय आणि सडक्या अंड्यांचा वास. मला तिथून पळून जावेसे वाटले, पण होडीला स्वतःहून कुठे जाता येते?

धक्क्यावर हालवार भेटला.

"काय सोडलंत रे पाण्यात?"

"औषध. माशांच्या अंगावर उवा झाल्यात, त्या मारायला."

"माझी कोळंबी मेली त्यानं."

"हळू बोल ताई. माझी नोकरी आहे तिथं."

"मग तुझी नोकरीच वाढ मला जेवायला."

हालवारने आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिले. मग म्हणाला, "अजून आठ पिंजरे टाकायचेत कंपनीला. गुरुवारी गावची बैठक आहे. कागदावर तळ स्वच्छ दाखवलाय. चिखलाचा नमुना पार त्या खडकापलीकडून घेतलाय."

"मग खरी जागा तू दाखव."

सुट्टीच्या दिवशी तो माझ्यात येऊन बसला. पिंजऱ्यांजवळ त्याने दोरीला बांधलेली बादली खाली सोडली. ती वर येते न येते तोच कंपनीची मोटारबोट आली आणि मला धडकली. माझी एक फळी करकरली. आता मी फुटणार, असेच मला वाटले.

"हालवार, बादलीत काय आहे?" बोटीवरच्या माणसाने विचारले.

हालवारचा चेहरा पांढराफटक पडला. सिग्रून म्हणाली, "चिखल. तुमचाच आहे, परत हवा असेल तर सांगा."

तो हसला नाही. त्याने दोघांचा फोटो काढला आणि निघून गेला.

गुरुवारी बैठकीत ती बादली उघडली, तेव्हा मी धक्क्याला बांधलेली होते. माणसे नाक दाबून बाहेर आली. आठ पिंजऱ्यांना परवानगी मिळाली नाही. सोमवारी हालवारची नोकरी गेली. आता तो माझी वल्ही मारतो. जुने पिंजरे मात्र तिथेच आहेत, आणि त्यांच्याखाली कोळंबी अजून फिरकलेली नाही.

मित्रांनो, पाणी वरून निळे दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. त्याच्या तळाशी काय साचते आहे, ते विचारत राहा.

परवा कंपनीची बोट शेजारच्या खाडीचे तोंड मोजत होती. तिथेही माझ्यासारखीच एक होडी आहे. तिला अजून काहीच ठाऊक नाही.