वीस सेकंदांचा श्वास

पडद्यावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून पुन्हा वर निसटली, किरण आपोआप बंद पडले आणि यंत्र चालवणाऱ्या झ्लात्काने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पेल्यातली कॉफी कागदांवर सांडली. आजचा हा नववा प्रयत्न होता.

ती माइककडे झुकली. "ग्रोझ्दानकाका, श्वास घ्यायला सांगितलाय, फुगा फुगवायला नाही."

"नेहमीसारखाच घेतला की," जाड भिंतीपलीकडच्या खोलीतून म्हातारा पुटपुटला.

नेहमीसारखा म्हणे! त्याच्या डाव्या फुप्फुसातली जर्दाळूएवढी गाठ श्वासागणिक दोन बोटं खालीवर सरकायची. म्हणून पोटावर एक ठोकळा ठेवलेला आणि त्यावर कॅमेऱ्याची नजर. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज 'श्वास घ्या, धरा' म्हणाला की बेताचा श्वास घेऊन वीस सेकंद धरायचा. तेवढा वेळ पडद्यावरची रेघ पट्ट्यात राहिली, म्हणजे गाठ जागेवर थांबली, की किरण चालू. रूसे शहरातल्या त्या इस्पितळात ऐंशी वर्षांच्या आज्यांनाही हे जमलं होतं. तयारीच्या दिवशी डॉक्टर शेजारी उभ्या राहून सांगत होत्या तेव्हा यालाही जमलं होतं. यंत्राखाली आडवा झाल्यापासून मात्र तीन दिवस नुसता खेळखंडोबा चालला होता. झ्लात्काच्या नाकी नऊ आले होते.

डॉक्टर आंगेलोवा दारातून डोकावल्या. "आज शेवटचं. नाही जमलं तर श्वास धरणं सोडून देऊ. गाठ जिथं जिथं फिरते तेवढा सगळा भाग भाजून काढायचा."

"त्यांचं उजवं फुप्फुस आधीच कामातून गेलंय, मॅडम. डावंही जाळलं तर ते जिना कसा चढणार?"

"मग समजाव त्यांना. बाहेर चौघं खोळंबलेत."

झ्लात्का तणतणत आत गेली. रागाच्या भरात तो भरलेला आवाज बंद करायला विसरली. ती म्हाताऱ्याच्या टेबलापाशी पोचते न पोचते तोच छताजवळच्या स्पीकरमधून एका बाईचा शांत, स्वच्छ आवाज आला, "श्वास घ्या. धरा." म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटले. छाती भात्यासारखी वर आली.

"दुखतंय का कुठं?"

"नाही."

"मग मला का छळताय? सकाळी सकाळी राकिया ढोसून येता का?"

"थेंबही नाही." त्याने छताजवळच्या स्पीकरकडे नजर वळवली. "ती रालित्सा आहे. माझी मुलगी."

झ्लात्काला आधी कळेचना. आपल्या आधी या यंत्रावर कामाला असलेली कुणी बाई आवाज भरून ठेवून जर्मनीला गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या बाईचं आडनाव सासरचं होतं.

"सहा वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "निघाली तेव्हा म्हणालो, गेलीस तर पुन्हा मला बाप म्हणू नकोस. रागात बोललो. पोरीने शब्द पाळला."

"आणि हा आजार? तिला माहीत आहे?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

आता राग कुणावर काढावा तेच झ्लात्काला समजेना. तीन दिवस! या माणसाने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? तिला त्याची दयाही आली आणि त्या दयेचाही वैताग आला.

"मी हा आवाज बंद करते. सूचना मी देईन."

"नको."

"काका, फुप्फुस जळेल तुमचं."

"जळू दे. चुकलं की ती पुन्हा सांगते मला."

झ्लात्काने त्याच्या पोटावरचा ठोकळा उगाच सरळ केला. तो सरळच होता.

"हे बघा," ती म्हणाली. "आधी माझं ऐकायचं. काम उरकलं, किरण बंद झाले, की रोज तिला लावीन. एकदा."

"दोनदा."

"बरं, दोनदा. पण आत्ता मला त्रास द्यायचा नाही."

बाहेर येऊन तिने माइक ओढला. सकाळपासून ओरडून तिचा घसा बसला होता. पण त्या खरखरीत आवाजावर रेघ वर चढली ती पट्ट्याच्या मधोमध जाऊन बसली. आजच्या किरणांना सहा श्वास लागायचे, सहाच्या सहा वेळा तसंच झालं. पाव तासात सगळं आटोपलं. तिने किरणांची किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली आणि रालित्साचा आवाज लावला.

"श्वास घ्या. धरा."

रेघ पट्ट्यात शिरली आणि तिथेच थांबली, जराही हलली नाही. वीस सेकंद झाले.

"सोडा," रालित्सा म्हणाली.

रेघ खाली आली नाही. पंचवीस झाले, तीस झाले.

डॉक्टर पुन्हा दारात आल्या. "झालं ना? घे पुढचा."

"थांबा," झ्लात्का म्हणाली. "सोडवत नाहीये त्यांना."