गांगुलपाऱ्याची सहल

मोहितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, डॉक्टरांची परिषद बालाघाटला घ्यायचं ठरवलं तेव्हाच मी ओळखलं होतं की माझ्या गळ्यात काहीतरी पडणार. पडलंच. डॉक्टर हॉलमध्ये बसून भाषणं ऐकणार आणि त्यांच्यासोबत आलेल्या बायका, नवरे, पोरं, आईबाप यांना मी फिरवून आणणार. पत्रिकेत त्याला ‘सहपरिवार पर्यटन’ असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात एक मिनीबस, गजेंद्र ड्रायव्हर, पुरीभाजी आणि मी.

गांगुलपाऱ्याच्या तलावावर जेवणं झाली. पोरांनी पाण्यात खडे मारले, गोंदियाच्या नूतनताईंनी सगळ्यांना धरून अंताक्षरी खेळवली. जानेवारीचं ऊन उतरायला लागलं तशी मी सगळ्यांना गाडीत बसवलं. शांताबाईंच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली.

शांताबाई म्हणजे नागपूरच्या डॉक्टर रूपालीची आई. लेकीचं भाषण आहे म्हणून त्या आणि त्यांचे यजमान प्रेमलालकाका कटंगीहून आले होते.

“काका कुठं आहेत?” मी विचारलं.

“येतीन,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

काका आले नाहीत. मी खाली उतरले. गजेंद्र बीडी विझवून म्हणाला, “मॅडम, मी पाह्यलं त्याहिले जातानी. चप्पल घातली, गमछा घेतला आन् निघाले.”

“मग विचारलं काहून नाही, कुठं चालले म्हणून?”

“निघालेल्या माणसाले टोकायचं कसं, मॅडम?”

मी त्याला फाडून खाणार होते, पण तोंड मिटलं. कारण मीही पाहिलं होतं. भाजीचं पातेलं झाकताना काका समोरून गेले, मला वाटलं आडोशाला चालले असतील. आमच्याकडे बाहेर पाऊल टाकणाऱ्याला ‘कुठं’ विचारत नाहीत, कामाला खोट लागते म्हणतात. वडिलांना एकदा विचारलं म्हणून लहानपणी मी आईचा धपाटा खाल्लेला आहे. शांताबाई तर तिथंच बसल्या होत्या. तिघांनी पाहिलं आणि एकानंही विचारलं नाही. असल्या रिवाजाला काडी लावावी असं मला वाटलं.

एकीकडे तलाव, दुसरीकडे सागाचं जंगल. मी काठानं हाका मारत गेले, गजेंद्र झाडीत शिरला. परत आला तो घाबराच. “मागच्या आठवड्यात इकडंच बिबट्यानं बकरी नेली, मॅडम.” हे सांगायला त्याला हीच वेळ सापडली. गाडीतली पोरं भुकेची आणि थंडीची एकदमच तक्रार करायला लागली होती.

फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, बांधाच्या माथ्यावर येते. मी चढायला लागले तर शांताबाई धापा टाकत मागून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, कोणाले फोन करून राह्यली?”

“रूपालीले. मग पोलिसाले.”

“रूपालीले नको. तुह्या पाया पडतो, तिले नको.” त्यांनी गाडीकडे बघून आवाज खाली आणला. “याहिच्या डोक्यात काही राहत नाही आता. कटंगीच्या बाजारातूनबी दोनदा निघून गेलते. रूपालीनं सांगितलं हाये, आणखी एकदा झालं त् घराले कुलूप. बाबाले नागपूरच्या म्हाताऱ्यांच्या सेंटरमंदी ठेवतो, तुले आपल्या घरी. आमी दोघं येगळे होऊन जाऊ, पोरी.”

“हे मले सकाळीच काहून नाही सांगितलं?” मी ओरडले. गाडीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. वळवू देत. “आणि निघाले तवा थांबवायचं होतं ना!”

“काय विचारू? कुठं चालले म्हटलं त् त्याहिले सांगता येत नाही. मंग चार लोकात तोंड उतरते त्याहिचं.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. ऊन पाळीच्या पलीकडे गेलं होतं. मी तशीच वर चढले आणि रूपालीचा नंबर लावला. त्यांनी हात सोडला नाही, पण ओढलाही नाही. फोन बंद. सगळे हॉलमध्ये. ‘ताबडतोब फोन कर’ एवढं लिहून पाठवलं. पोलिसांचा नंबर शोधत असतानाच शांताबाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “जेवण झाल्यावर पुऱ्या मागितल्या त्याहिनं. मी म्हटलं, भूक लागली असंन. त्याहिनं गमछ्यात बांधल्या.”

“मग?”

“डबा, पोरी. डबा बांधला त्याहिनं. उकव्याच्या खदानीत होते ना जिंदगीभर. ड्युटीवर निघाले असतीन.”

उकव्याची बस बैहर रोडवरून जाते. मी पाळीवरून अक्षरशः घसरत खाली आले. गजेंद्रनं गाडी अशी काढली की नूतनताईंची अंताक्षरी कायमची बंद पडली. रोडपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर मी दोन्ही बाजूंची झाडी बघत होते आणि मनात म्हणत होते, बस लेट असू दे, आमच्याकडची बस कधी वेळेवर आली आहे!

रोडवर आलो तर बस थांबलेली. काकांचा एक पाय पायरीवर. गजेंद्रनं हॉर्न दाबून धरला आणि गाडी आडवीच घातली. बसच्या कंडक्टरनं हिंदीत आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी ऐकून घेतलं.

शांताबाई धावत गेल्या आणि त्यांनी काकांचा दंड धरला. काकांनी हळूच, अगदी सभ्यपणानं तो सोडवून घेतला.

“बाई, बाजूले व्हा जरा. माही ड्युटी चुकते.”

शांताबाईंचा हात तसाच हवेत राहिला. बाजारातून दोनदा शोधून आणलं तेव्हा काका शांताबाईंना नावानं ओळखत होते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त त्यांचा चेहरा पाहिला, आणि आपण इथं नसतो तर बरं असं वाटलं.

त्याच सावरल्या. पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, “आमची गाडी तिकडंच जाऊन राह्यली, जी. चला, सोडून देतो.”

“हौ? उपकार झाले,” काका म्हणाले. गाडीत चढले आणि शांताबाईंच्या शेजारची जागा सोडून पुढं, माझ्या बाजूला बसले.

रोडवर रेंज आली तसा माझा फोन वाजला. रूपाली. मी शांताबाईंकडे वळून पाहिलं. काका सापडले होते, बस निघून गेली होती. ‘काही नाही गं, सहज केला होता,’ एवढं म्हटलं की संपलं. मी ते म्हणणारही होते, देवाशपथ. शांताबाईंनी हात पुढं केला आणि फोन मागितला.

“रूपाली,” त्या म्हणाल्या, “भाषण झालं का तुहं? चांगलं झालं?” मग पदरानं डोळे पुसले. “ये, बाई. आमाले घेऊन जाय. माह्यानं आता होत नाही.”

काकांनी मांडीवरचं पुऱ्यांचं गाठोडं सांभाळत मागं वळून पाहिलं. मग माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, “त्या बाई काहून रडून राह्यल्या? त्याहिले पाणी द्या.”