तांब्यावरचा हुकूम

जळकोटजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. हरिओम महाराजांनी सिद्धम्माच्या परसात खणून तांब्याची पाटी काढली होती. काळ्या मातीनं लडबडलेली, त्यावर एकही अक्षर दिसत नव्हतं. आई बोलणार, पण आधी न्हाणार, असं महाराजांनी सांगितलं आणि पाटी तांबूस-काळ्या तीर्थात बुडवली. देवीचं तीर्थ तांब्याच्या घंगाळात नव्हे, प्लास्टिकच्या टबात होतं; पण भक्तांना टब दिसत नाही. वर भगवं फडकं पडलं आणि लोकांचे घसे बसेपर्यंत आरत्या झाल्या.

मग महाराजांनी पाटी बाहेर काढली, अत्तराच्या बोळ्यानं पुसली, आणि लखलखीत उठावाची अक्षरं वर आली: ‘येथे माझे ठाणे. वर छप्पर नको.’ लेख हजार वर्षांपूर्वीचा आहे, असं महाराज म्हणाले. बायका रडल्या, माणसं जमिनीवर आडवी झाली.

छप्पर होतं सिद्धम्माचं. नवरा मलप्पा गेल्यापासून ती तिथं एकटी राहायची. नवा रस्ता तिच्या दारावरून गेला होता आणि महाराजांना मठासाठी तशीच जागा हवी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दिवशी आठवलं मात्र कुणालाच नाही.

देवस्थान समितीचे प्रमुख शेषेराव तिच्याकडे गेले. बळजबरी करावी लागली नाही. “आईची जागा असंल तर मी कोण आडवी येणार?” असं म्हणून तिनं स्वतःच डबे-गोधड्या बाहेर आणून ठेवल्या. सकाळी जेसीबी आला. म्हातारी देवळाच्या ओसरीत राहायला गेली.

शेषेरावांची लेक तनुजा लातूरच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सुटीत घरी आली तेव्हा वडिलांनी तिला कौतुकानं पाटी दाखवली. तिनं ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. ‘वर’मधला र आणि ‘छप्पर’मधला र यांत केसाचाही फरक नव्हता. लग्नपत्रिकेवर असतात तशी अक्षरं.

“आबा, हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात डीटीपीचं दुकान होतं का?”

शेषेराव भडकले. चार बुकं शिकलीस म्हणून देवीला शहाणपण शिकवतेस का, म्हणाले. तनुजा वाद न घालता लातूरला गेली आणि पुढच्या सुटीला तांब्याची पाटी, इस्त्री आणि दोन बाटल्या घेऊन देवळासमोर बसली. महाराजांना नेमकं त्याच दिवशी माहूरला अनुष्ठान निघालं.

आम्ही पोरांना सर्किट असंच बनवायला शिकवतो, असं सांगत ती एकेक करून दाखवत गेली. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर अक्षरं उलटी छापायची. कागद तांब्यावर पालथा घालून इस्त्री दाबायची. छपाईची काळी पूड वितळून तांब्याला चिकटते. कागद भिजवून सोलून काढायचा. वर काळी माती फासली की काळ्यात काळं दिसत नाही. तीर्थ म्हणजे फेरिक क्लोराइड. त्यात माती सुटते, उघडं तांबं झिजतं, पुडीखालचं तेवढं राहतं. घंगाळही झिजलं असतं, म्हणून टब. शेवटी थिनरनं पूड पुसायची. धुपाच्या धुरात थिनरचा वास कुणाला येणार?

तिनं पाटी पुसून वर धरली. त्याच वळणाची अक्षरं: ‘सिद्धम्माचे घर परत बांधा.’

मग शेजारची गौरम्मा पुढं आली, पाटीला कुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाली, “आईनं हुकूम फिरवला.” चार जणांनी माना डोलावल्या.

तनुजानं इस्त्री उचलून तिच्यापुढं धरली. “ही आई न्हाई, मावशी. ही माझी इस्त्री हाय.”

ओसरीतून सिद्धम्मानं विचारलं, “म्हंजी समदं खोटं होतं? मग माझं घर?”

तिच्या घराचे दगड मठाच्या जोत्यात गेले होते. पोलिसांत तक्रार झाली, महाराज माहूरहून परतलेच नाहीत. तनुजाची पाटी खोटी, महाराजांची खरी, असं म्हणणारे गावात अजून आहेत. सिद्धम्मा अजून ओसरीतच आहे.

देवीला मानायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्या हुकमानं माणूस बेघर होतो, तो कुणी लिहिला, कसा लिहिला आणि त्यात कुणाचा फायदा आहे, एवढं तरी विचारा. घर पाडायच्या आधी विचारा. नंतर कळलेल्या खऱ्यानं भिंत उभी राहत नाही.