अख्खा देह

माझ्या भावाचा, श्रीनाथचा, मेंदू मेलाय आणि आता फक्त यंत्र श्वास देतंय, असं डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासून सांगितलं. तामलवाडीजवळ त्याची मोटारसायकल घसरली होती. सोलापूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी आईला अवयवदानाचं विचारलं. आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिला एका दमात कळलं.

"म्हंजी त्याचं काळीज दुसऱ्यात चालंल? मग घ्या. अंगठा कुठं लावू?"

तेवढ्यात गावाकडून टेम्पोभर भावकी आली. पुढे भागवतकाका. बांधाच्या भांडणापायी सहा वर्षं त्यांनी आमच्या दारात पाय ठेवला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, तसे येऊन कारभारी झाले.

"छाती हलतीय पोराची, अन् तुमी चिरायला देताव? डोळं काढलं तर फुडच्या जल्मी आंधळा यील. अख्खा देह पायजे."

"अपघाताची केस आहे," बाई म्हणाल्या, "पोस्टमॉर्टेम तर होणारच..."

"तुमी भायेर थांबा. आमच्या घरातलं हाय."

बाईंचं बोलणं मी ऐकलं होतं; पोस्टमॉर्टेम म्हणजे चिरणंच, हे आईला माहीत नव्हतं. मी आईला सांगितलं नाही. काकांच्या तोंडी लागायची मला भीती वाटली, एवढंच कारण.

मग काका आईकडं वळले. "द्यायचं तर द्या, वैनी. खांद्याला मातर आमच्यातलं कुणी येनार न्हाय."

आमचे वडील गेलेले. घरात आम्ही दोघी बायका. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी फरशीकडं. कागद कोरा परत गेला.

दोन दिवसांनी त्याचं हृदय थांबलं आणि पोस्टमॉर्टेम करून त्याला आमच्या ताब्यात दिलं. अंगणात आंघोळ घालायला काकांनीच कापड बाजूला केलं. गळ्यापासून ओटीपोटापर्यंत शिवलेलं होतं, पोत्याचं तोंड शिवतात तसं.

"सरकारी कायदा हाय," काका म्हणाले. "त्याला कोण काय करनार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही लाज वाटली नाही.

आईनं त्या टाक्यांवर हात ठेवला. "भावजी, चिरलंच की ओ त्याला. मग मला देऊ का दिलं न्हाय?"

"पानी वता," काका म्हणाले. "उशीर व्हायलाय."

तिरडी उचलली तेव्हा खांदा द्यायला माणसांची रीघ लागली. सगळ्यात पुढे काका. भावकी असावी तर अशी, असं शेजारची बाई म्हणाली. आईनं माझा हात झटकला आणि ती एकटीच दारात बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.