मोज्याने जाळलेली कॉइल

खिडक्या उघडा, असं तुम्ही लिहिलंत.

तुमच्या ऑफिसकडे तीन अर्ज केले मी. तिन्हींत एकच मागणी होती. डायलिसिसच्या पेशंटांना शहरात नेणाऱ्या व्हॅनचा एसी बंद पडलाय, दुरुस्त करून द्या. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं, गोल शिक्क्याचं : 'निधी उपलब्ध होईपर्यंत प्रवासात खिडक्या उघड्या ठेवाव्यात.' हे लिहिताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की त्या खिडक्या कुणी उघडणार नाही. तुम्ही इथलेच आहात. ऑफिसात कुणी दार उघडून आत आलं की तुम्ही आधी उठून खिडकी लावता, मग 'बसा' म्हणता. सगळ्या सर्बियात एक म्हातारा माणूस दाखवा जो आरपार वारा अंगावर घेईल. मान आखडली, दात ठणकला, कानात सणक आली, तोंड वाकडं झालं, सगळं त्या वाऱ्याने. त्याला आम्ही प्रोमाया म्हणतो आणि लांडग्यापेक्षा जास्त भितो. म्हणजे तुम्हाला काहीच करायचं नव्हतं आणि दोष मात्र आमच्या गळ्यात घालायचा होता.

माझ्या व्हॅनमध्ये पाच पेशंट असतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सहाला निघायचं, बासष्ट किलोमीटर जायचं, दुपारी एकच्या उन्हात परत. जुलैमध्ये एकला ती व्हॅन म्हणजे पावाची भट्टी असते. पाचही जण घामाने निथळतात, पण काच बोटभर खाली करू देत नाहीत.

त्यातले रादिसावकाका. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं पोस्टमन होते. डायलिसिस झालं की त्यांचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असतो, त्यात ही भट्टी. जूनच्या शेवटी एकदा सीटवर मान टाकली. गेल्या गुरुवारी पुन्हा. मी गाडी वळवून परत इस्पितळात नेली. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण तोंडाच्या स्पष्ट. सलाइन लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, आणखी एकदा असं झालं तर उन्हाळा संपेपर्यंत तुम्ही इथेच राहायचं. शेजारी वृद्धाश्रम आहे, मी खोली सांगून ठेवते."

"माझे आलुबुखार ऑगस्टात पिकतात," काका म्हणाले.

"मग?"

"मग ते तुमच्या वृद्धाश्रमात पिकत नाहीत."

ऑगस्टात काकांच्या अंगणात राकियाची, म्हणजे आमच्या फळांच्या दारूची, भट्टी लागते. काकांना एक थेंब चालत नाही. ते नुसते खुर्ची टाकून नळीशी बसतात आणि वासावरून सांगतात की पहिली धार कधी फेकायची आणि चांगली कधी सुरू झाली. त्या वासासाठी हा माणूस वर्षभर सुया टोचून घेतो. बाई चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणून तर मला राग आला. राग कुणावर काढायचा ते मला गोल शिक्क्यावर वाचता येत होतं.

शुक्रवारी सकाळी मी व्हॅन ग्वोझ्देन मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. तुम्हाला न विचारता. काका पुढच्या सीटवर बसून आले, कारण खटला त्यांचा होता. आणि गॅरेजच्या दारात स्तोयांकामावशी आधीच हजर, हातात गिबानित्साचा, म्हणजे चीज घातलेल्या थरांच्या पोळीचा, ट्रे. मावशीही माझ्या पाचांतल्याच, आणि ग्वोझ्देनची सख्खी आत्या.

"आत्या, तुला कुणी बोलावलं?"

"माझ्या भावाच्या घरी यायला मला पत्रिका लागते का रे? खा. आणि हिचा वारा थंड कर."

आमच्याकडचा मिस्त्री बोनेट उघडल्यावर आधी इंजिनाकडे बघत नाही. आधी विचारतो, हे आधी कुणी केलं? उत्तर कुणाचंही असो, मग तो त्या माणसाची सात पिढ्यांपर्यंत हजेरी घेतो, आणि ते संपल्यावरच पान्याला हात घालतो. ग्वोझ्देननेही विचारलं.

"मिलोयकोने," मी म्हणालो. "एप्रिलात गॅस भरला होता त्याने."

ग्वोझ्देनचं तोंड उघडंच राहिलं. मिलोयको त्याचा कूम, त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा पालक. आमच्यात भावाला शिवी देता येते, कूमाला नाही.

त्याने मुकाट्याने गॅसचा दाब मोजायची घड्याळं जोडली. बघितली. "गॅस भरपूर आहे. एप्रिलातही असणार. काही गरज नव्हती भरायची." मग म्हणाला, "पण मनापासून भरलाय."

काका हसता हसता खोकायला लागले.

मग तो आत बसला, पंखा जोरात लावला आणि मागच्या झडपांवर हात धरत गेला. पहिलीतून वारा नाही, दुसरीतूनही नाही. तिसरीत त्याने दोन बोटं घातली आणि एक रुमाल ओढून काढला. चौथीत आणखी एक. मागच्या सीटच्या वरच्या झडपेतून निघाला एक लोकरीचा मोजा, राखाडी, टाचेला लाल पट्टी.

ग्वोझ्देनने तो हातात फिरवून पाहिला. मग स्वतःची पँट वर केली. त्याच्या पायात तसाच होता.

"आत्या."

मावशी गिबानित्साचे तुकडे करत होत्या. "मानेवर यायचं ते वारं. एप्रिलात. मी काय न्यूमोनियाने मरू?"

"तुझं डायलिसिस चालू आहे, आत्या."

"म्हणून न्यूमोनिया पण घेऊ?"

"आणि रुमाल?"

"ते माझे नाहीत," मावशी म्हणाल्या, आणि काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

मला वाटलं, सापडलं दुखणं. ग्वोझ्देनलाही तसंच वाटलं. सगळे बोळे काढले, इंजिन सुरू केलं, एसीचं बटण दाबलं. वारा आला, जोरात आला, आणि चुलीतून यावा तसा गरम आला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी गिबानित्साचा तुकडा परत ट्रेमध्ये ठेवला.

आता ग्वोझ्देन खरा कामाला लागला. फ्यूज पाहिला, शाबूत. करंट सोडणारा रिले काढला आणि हॉर्नच्या रिलेच्या जागी बसवून हॉर्न दाबला. गल्लीतली कोंबडी उडाली. "रिले ठणठणीत," तो म्हणाला. मग गाडीखाली आडवा झाला आणि मला म्हणाला, "झिका, बटण दाब आणि कान दे. टक् आवाज येतो का?"

"नाही."

"पुन्हा."

"नाही येत."

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक लोखंडी चकती असते. तिच्यामागे पुली, पुलीच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल. करंट आला की कॉइल लोहचुंबक होते, चकती टक्कन पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. हा आमचा क्लच. ग्वोझ्देनने वायरीला टेस्टचा दिवा लावला. दिवा पेटला. म्हणजे करंट दारापर्यंत येत होता, आतलं माणूस उठत नव्हतं. मग मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

"कॉइल जळालीय," तो खालूनच म्हणाला. "वास घ्या, काका. तुम्हाला वासाचं कळतं."

काका वाकले. "जळकी. वरून लाख वितळलीय."

"अशी कशी जळते?" मी विचारलं.

ग्वोझ्देन बाहेर आला, हात पुसले आणि मोजा उचलला. "हिने. बोळे घातले, वारा अडला. वारा अडला की आतल्या जाळीवर बर्फ धरतो. बर्फ धरला की यंत्र स्वतःच क्लच सोडतं. वितळला की पुन्हा धरतं. टक्-टक्, टक्-टक्, मिनिटाला दहा वेळा, सगळा एप्रिल आणि मे. चकती घासली, फट वाढली, कॉइल तापत राहिली आणि गेली. आत्या, तू हातांनी यंत्र विणून मारलंस."

मावशींनी सुरी खाली ठेवली. मग काकांना म्हणाल्या, "रादिसाव, माझ्यामुळे तुला त्या खोलीत टाकणार होते का?"

"अर्ध्याच खोलीत," काका म्हणाले. "उरलेली अर्धी माझ्या रुमालांमुळे."

हे मी लपवत नाही. मोजा आमचा, रुमाल आमचे. पण अर्ज केला तेव्हा कुणी येऊन बघितलं असतं, तर मोजा तेव्हाच निघाला असता.

गॅरेजमागे एका बेकरीची अपघातात चेपलेली व्हॅन पडलीय, आमच्या व्हॅनच्याच कंपनीची, त्याच सालची. तिचा मागचा भाग गेलाय, तोंड शाबूत. ग्वोझ्देनने तिच्या क्लचला मीटर लावला. काटा हलला. तासाभरात त्याने मधला नट काढला, चकती ओढली, गोल क्लिप उचकटली, पुली उतरवली आणि कॉइल बाहेर आणली. आमचीही तशीच काढली. गॅसला हातही लावावा लागला नाही. शेवटी चकती आणि पुलीमधली फट जुळवायची होती. मापाची पाती त्याला सापडेना.

"कूमाने नेलीत," तो म्हणाला. "मनापासून."

तेव्हा काकांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला, परतीच्या वाटेवर पेशंट आपसात खेळतात तो. "एक पत्ता जाईल आणि दोन जाणार नाहीत असं ठेव," ते म्हणाले. ग्वोझ्देनने चौकटची दुर्री फटीत सरकवली, वॉशर बदलला, पुन्हा सरकवली. मान डोलावली.

मी बटण दाबलं. टक्.

दोन मिनिटांत झडपेतून असा वारा आला की मावशींनी आपोआप शाल मानेवर ओढली. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "मी मागच्या कोपऱ्यात बसेन. झडप छताकडे करा, बंद नको."

शनिवारी बाहेर एकोणचाळीस अंश होतं. येताना पाचही जण थंडीबद्दल तक्रार करत होते आणि मला गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटत होतं. काकांनी दोन डाव जिंकले, तिसऱ्यात झोपले. घराशी मी हात द्यायला उतरलो तर ते माझ्याआधीच फाटकात. "ऑगस्टात ये," म्हणाले, "तू पी, मी वास घेतो."

दुरुस्ती झाल्याचं मी शुक्रवारीच तुमच्या ऑफिसात लिहून दिलं होतं. आज, सोमवारी, तुमचं पत्र आलं. दुरुस्ती समितीच्या पाहणीपूर्वी झाली, सबब अनधिकृत. समिती सप्टेंबरात बसेल. समितीला बिघाड पाहता यावा म्हणून मूळ भाग मूळ जागी त्वरित पूर्ववत बसवावा.

मी ते ग्वोझ्देनला वाचून दाखवलं. तो म्हणाला पुन्हा वाच. मावशींना दाखवलं, त्या म्हणाल्या ह्याला गिबानित्सा नको. काकांना मी अजून दाखवलेलं नाही.

जळकी कॉइल माझ्या सीटखाली आहे, कापडात बांधून. बसवायला तासभर लागतो. उद्या मंगळवार आहे, सहाला गाडी निघते, आणि दुपारी एकला रादिसावकाका तुमच्या बिघाडात बसतील की थंड हवेत, ते तुम्ही ठरवायचं आहे. मी ते ठरवणार नाही आणि समितीचीही वाट बघणार नाही. या कागदाच्या खाली जागा सोडलीय. बसवू की नको? एक शब्द लिहा, खाली तुमचं पूर्ण नाव लिहा, आणि आज ऑफिस बंद व्हायच्या आत माझ्या हातात द्या.